जानेवारीत ग्लासगोला केल्टिक म्युझिक ऐकायला जायचंय, सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांची पोरगी. झेपेल का?

पावसाळी_मँचेस्टर

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय.

आम्ही मँचेस्टरला असतो, मी, बायको आणि मुलगी. आई-बाबा ऑक्टोबरात साताऱ्याहून आलेत, फेब्रुवारीत परत जातील. बाबा ६९ वर्षांचे, आयुष्यभर गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली आणि डिसेंबरात पुण्याला सवाईला जाऊन बसायचं हा वर्षाचा नेम, शाल, थर्मास, डबा सगळं घेऊन. यंदा इकडे आल्यामुळे सवाई बुडणार. तसं थेट काही बोलत नाहीत पण संध्याकाळी खिडकीतून पाऊस बघत "आता तिकडं मंडपाची तयारी लागली असेल" असं म्हणतात आणि मग आपल्यालाच कसंतरी होतं.

तर ऑफिसमधला एक स्कॉटिश सहकारी म्हणाला की जानेवारीत ग्लासगोला केल्टिक कनेक्शन्स नावाचा मोठा फेस्टिवल असतो, तिकडे घेऊन जा वडिलांना. साइट उघडून बघितली तर डोकंच गरगरलं, एवढे कार्यक्रम, एवढ्या जागा, एक नाव ओळखीचं नाही. मला फिडल म्हणजे व्हायोलिन एवढंच माहिती. बाबांना बॅगपाइप माहितीये तो २६ जानेवारीच्या परेडमधला. शुक्रवार ते सोमवार असा वीकेंड काढू शकतो. अडचणी अशा की आईचे गुडघे दुखतात म्हणजे उभं राहून ऐकायचं जमणार नाही, पोरगी नऊला झोपते, आणि मुख्य म्हणजे बाबा माळकरी आहेत. मी वाचलं की खरी मजा पबमधल्या सेशनमध्ये (लोक जमून आपसांत वाजवत बसतात ते) असते. आता तुळशीची माळ घातलेल्या माणसाला पबमध्ये कसं नेऊ? विचारायचीसुद्धा हिंमत होत नाहीये.

कुणी गेलंय का? कुठलं तिकीट काढू आणि बाकीचा दिवस काय करायचा?

क्लाइडकाठचा_कोल्हापुरी

या की गड्या, बिनधास्त या. नऊ वर्षं झाली मला ग्लासगोत, त्यातली सात वर्षं तरी या फेस्टिवलला काही ना काही ऐकलंय.

पहिल्यांदा एक सांगतो नाहीतर इथं आल्यावर हसतील, म्युझिकला केल्टिक म्हणायचं आणि फुटबॉल क्लबला सेल्टिक. स्पेलिंग तेच. मी पहिल्या वर्षी टॅक्सीवाल्याला सेल्टिकच्या कॉन्सर्टला जायचंय म्हणलं, तर त्यानं मला पूर्ण रस्ताभर मॅचचं ऐकवलं.

हा फेस्टिवल १९९४ पासून आहे. आणि जानेवारीत का, तर ख्रिसमस झाला की लोकांचे खिसे रिकामे, बाहेर अंधार, कॉन्सर्ट हॉल नुसता पडून असायचा, म्हणून त्या मोकळ्या दिवसांत काहीतरी करूया म्हणून काढलेला. आता अडीच आठवडे चालतो आणि तीनशेच्या आसपास कार्यक्रम होतात, म्हणजे तुमचं डोकं गरगरलं ते बरोबरच.

आईंसाठी सांगतो, रॉयल कॉन्सर्ट हॉल किंवा सिटी हॉल्स, दोन्हीकडे नीट खुर्च्या. रॉयल कॉन्सर्ट हॉल ब्युकॅनन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला आहे, बसस्टँड शेजारी, आणि तुमची गाडी ग्लासगो सेंट्रलला येणार तिथनं चालत पंधरा मिनिटं, पण रस्ता चढाचा आहे, गुडघ्यांसाठी टॅक्सी करा. बॅरोलँड नावाची जागा लै भारी, बाहेर निऑनची मोठी पाटी, आत नाचायचा लाकडी फ्लोअर, पण तिथं उभं राहायचं, आणि आजूबाजूला बिअर उडत असती. आईंना तिकडं नेऊ नका, तुम्ही दोघं जावा एक दिवस. ओल्ड फ्रूटमार्केट म्हणून एक आहे, नावाप्रमाणं खरीच जुनी फळभाज्यांची मंडई, बिडाचे खांब, वरच्या गॅलरीवर अजून जुन्या व्यापाऱ्यांच्या नावाच्या पाट्या. म्हणजे असं समजा की महात्मा फुले मंडईत गाळे हलवून आत मैफिल लावलीय. माझी सगळ्यात आवडती जागा. पण तिथं कधी खुर्च्या असतात कधी नसतात, तिकीट काढताना सीटेड लिहिलंय का बघायचं, नाहीतर माझ्या सासूबाईंसारखं होतंय, त्या अडीच तास खांबाला टेकून उभ्या होत्या आणि नंतर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या.

पोरीसाठी कानावर लावायचे ते मोठे हेडफोनसारखे मफ्स घ्या. बंद खोलीत बॅगपाइप म्हणजे काय आवाज असतो ते परेड टीव्हीवर बघून कळत नाही.

पबचं मी नंतर लिहितो, आता शिफ्टला निघालोय.

ओवी_गाणारी

मी एडिनबराला असते, लहानपणी नागपूरला व्हायोलिन शिकले आणि इथे येऊन त्याच व्हायोलिनवर फिडल शिकतेय (वाद्य तेच, धरायची पद्धत आणि गजाची सवय सगळी मोडावी लागली ते वेगळं). तुमच्या बाबांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

त्यांना नेण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवा की इथे एक राग तासभर नाही. एक चीज म्हणजे साधारण सोळा मात्रांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, असं दोन-तीन आवर्तनं वाजवून न थांबता दुसऱ्या चिजेत उडी. तीन-चार चिजांचा मिळून एक सेट. आपल्या लोकांना पहिल्यांदा ऐकताना वाटतं हे सगळं सारखंच आहे. तर ताल धरायला सांगा. रील चार-चारचा पळता, जिग सहाचा, म्हणजे दादऱ्याची मात्रासंख्या पण वजन वेगळं, आणि स्ट्रॅथस्पे नावाचा एक खास स्कॉटिश प्रकार आहे ज्यात छोटा स्वर आधी आणि लांब नंतर, चालता चालता ठेच लागल्यासारखा. भजनातला माणूस आहे, दहा मिनिटांत मांडीवर ठेका धरेल.

आणि बॅगपाइपचं. लोकांना वाटतं नुसता गोंगाट. त्याच्या खांद्यावरच्या तीन नळ्या असतात ना, दोन टेनर एक बेस, त्या फक्त एकच स्वर धरून असतात, षड्ज म्हणा. तानपुराच तो. वाजवायच्या नळीवर स्वर फक्त नऊ. आणि गंमत अशी की पिशवीतली हवा सतत चालू म्हणून आवाज मध्ये तोडताच येत नाही, लहानमोठा करता येत नाही. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा तर काय करणार? मध्ये एक सूक्ष्म स्वर टोचून पुढे जायचं. म्हणजे आपला कणस्वर, पण इथे तो नटवायला नाही, त्याच्याशिवाय वाक्यच होत नाही. हे एकदा कानाला कळलं की बॅगपाइप पूर्ण वेगळा ऐकू येतो.

बाबांसाठी माझी शिफारस, एखादं तरी पिब्रॉख ऐकवा. गेलिकमध्ये (स्कॉटलंडची जुनी भाषा) त्याला मोठं संगीत म्हणतात, आणि रील-जिग वगैरे ते छोटं संगीत. एकटा पायपर, संथ चाल, आधी मूळ धून मांडायची जिला ते उर्लार म्हणतात, म्हणजे जमीन, आणि मग त्यावर एकेक मजला चढवत जायचं, अलंकार वाढत जातात आणि शेवटी परत जमिनीवर. दहा-पंधरा मिनिटं सहज. विलंबित ख्याल ऐकलेल्या माणसाला हे लगेच उमजतं, खुद्द स्कॉटिश लोक मात्र निम्मे तिथे जांभया देतात. आणि हे पूर्वी लिहून नाही, तोंडाने बोलून शिकवायचे, प्रत्येक स्वराला आणि अलंकाराला अक्षरं. तबल्याचे बोल असतात तसेच.

आईंना विसरू नका. गेलिक गाण्याची एखादी मैफिल बघा. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हाताने विणलेलं लोकरी कापड घट्ट करायला बायका लांब टेबलाभोवती बसून ते ओलं कापड आपटायच्या आणि आपटण्याच्या ठेक्यावर गायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं पालुपद उचलायचं. सासर, नवरा, बुडालेली होडी, गावातली भांडणं, सगळं त्यात. (कापड शिळ्या मुतात भिजवलेलं असायचं हे आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.) मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझी आजी दळताना दिसली. जूली फाउलिस ही नॉर्थ युइस्ट बेटावरची गायिका, तिचं नाव कार्यक्रमात दिसलं तर डोळे मिटून तिकीट काढा.

स्पष्टच_सांगतो

मला एक कळत नाही, ६९ वर्षांच्या माणसाला आणि गुडघेदुखीवाल्या बाईला जानेवारीत ग्लासगोला नेणं ही काय ट्रिप आहे का. चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, सकाळी पावणेनऊपर्यंत उजेड नाही, वरून आडवा पाऊस. केल्टिक म्युझिक ऐकायचं तर जुलैमध्ये आयर्लंडला जा. काउंटी क्लेअरमध्ये मिलटाउन मालबे नावाचं एवढंसं गाव आहे, तिथे १९७३ पासून दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, त्या नावाचा मोठा पायपर होऊन गेला त्याच्या स्मरणार्थ. आठवडाभर गावातला एक पब, एक किचन, एक फुटपाथ रिकामा नसतो. तिकीट-बिकीट भानगड नाही, नुसतं हिंडायचं. हॉलमध्ये खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणं म्हणजे केल्टिक म्युझिक नव्हे, हे माझं स्पष्ट मत.

गॉलवेची_गौरी

स्पष्टच_सांगतो, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. मिलटाउनला मी गेलेय, रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर दोन बायका कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवत होत्या, ते मी जन्मात विसरणार नाही. पण दादा, त्यांचे आई-बाबा फेब्रुवारीत परत चाललेत, जुलैचं काय घेऊन बसलात.

आणि दुसरं, भारतीय पासपोर्टवर यूकेचा व्हिजिट व्हिजा असला म्हणजे आयर्लंडला येता येतं असं आपोआप नसतं. ब्रिटिश-आयरिश व्हिजा स्कीमचा शेरा असेल तरच चालतं, नाहीतर वेगळा व्हिजा. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही हे विमानाची तिकिटं काढल्यावर वाचलं होतं. त्यापेक्षा ग्लासगो बरं, नुसतं आगगाडीत बसायचं.

इकडे कधी आलातच तर गॉलवेत टिग कोइली नावाच्या पबमध्ये रोज सेशन असतं, संध्याकाळी आणि रात्री. पण लहान मुलं रात्री नऊनंतर पबमध्ये चालत नाहीत, उन्हाळ्यात दहा. म्हणून पोरांना घेऊन संध्याकाळचंच गाठायचं. बोरॉन नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ असतो, एका छोट्या लाकडी काठीने वाजवतात, माझा मुलगा तो बघून म्हणाला "आई, ही तर हलगी," आणि शेजारच्या वाजवणाऱ्या काकांना यूट्यूबवर हलगी दाखवूनच उठला.

पॅरिसहून_परब

मध्येच तोंड घालतो. आपल्याकडे केल्टिक म्हटलं की आयर्लंड-स्कॉटलंड, पण फ्रान्सचा ब्रिटनी प्रांतही त्यातच येतो. लोरियाँला ऑगस्टमध्ये दहा दिवसांचा फेस्टिवल असतो, १९७१ पासून. तिथे बोंबार्ड नावाचं वाद्य आहे, दुहेरी पत्तीचं, आवाज आणि रुबाब थेट सनईचा, फक्त जरा भांडखोर सनई. आणि रात्री शेकडो लोक करंगळीत करंगळी अडकवून गोल साखळी करून नाचतात. अनोळखी माणसाची करंगळी धरायची म्हणजे मालवणी माणसाला पहिले पाच मिनिटं फार अवघड जातं. पुढच्या खेपेस बघा, चालू द्या.

पावसाळी_मँचेस्टर

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ओवीताई, तुमचं ते कणस्वराचं बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, फक्त "परत वाच" म्हणाले.

शनिवारची सिटी हॉल्सची तिकिटं काढली, पहिल्या अर्ध्यात गेलिक गाणं, नंतर फिडल-पाइप-अकॉर्डियनचा बँड. रविवारी बायको म्हणतेय अजून एक दुपारी आणि एक रात्री काढूया, एवढं लांब जातोय तर. मी म्हणतोय पोरगी मरेल. आणि कोल्हापुरी भाऊ, पबचं राहिलं.

क्लाइडकाठचा_कोल्हापुरी

वहिनींना माझा दंडवत सांगा आणि म्हणावं एकच कॉन्सर्ट. मी पहिल्या वर्षी तीन दिवसांत सहा ऐकल्या, आता त्यातली एकसुद्धा नीट आठवत नाही, फक्त एका व्हेन्यूतनं दुसऱ्या व्हेन्यूत पळतोय एवढंच आठवतंय, आणि सॉक्स ओले. एक कॉन्सर्ट, एक सेशन, बाकीचा वेळ मोकळा सोडा. संध्याकाळी कॉन्सर्ट हॉलमध्ये डॅनी काइल ओपन स्टेज असतंय, नवीन पोरंपोरी वाजवतात, फुकट. लेक कंटाळली तर उठून यायला जिवावर येत नाही.

दिवसा केल्विनग्रोव्ह म्युझियमला जावा, ते पण फुकट. रोज दुपारी एकला आणि रविवारी तीनला तिथला जुना पाइप ऑर्गन अर्धा तास वाजवतात. बाबांना तिथं बसवा. पोरीला भुसा भरलेला हत्ती आणि छताला टांगलेलं लढाऊ विमान. कॉन्सर्ट हॉलच्या जवळच नॅशनल पायपिंग सेंटर आहे, त्यात बॅगपाइपचं म्युझियम. आणि वेलिंग्टनच्या पुतळ्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी कोन घातलेला असतो तो लेकीला दाखवाच, पालिकेनं काढला की लोक परत घालतात.

खाण्याचं टेन्शन नको, देशी हॉटेलं ढिगानं. २५ जानेवारीला बर्न्स नाइट, म्हणजे इथल्या रॉबर्ट बर्न्स कवीची जयंती, त्या दिवसांत सगळीकडं हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुफ्फुस आणि ओट्स घालून केलेला पदार्थ. त्याचं शाकाहारी रूप मिळतंय, ओट्स, डाळी, बीन्स, मसाला, चवीला आपल्या मसालेभाताच्या खरवडीसारखं लागतंय. पण कांदा असतोय, बाबा खात नसतील तर विचारून घ्या.

आता पब. हे बगा, दुपारच्या पबमध्ये म्हाताऱ्या आज्या सूप प्यायला येतात, पेपर वाचत बसतात. चहा मिळतो. सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे, एका कोपऱ्यातल्या टेबलाभोवती आठ-दहा लोक आपल्यासाठी वाजवत असतात, तुम्ही ऐकलं तर ऐकलं. त्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नका, त्या वाजवणाऱ्यांच्या. फर्माइश करू नका. टाळ्यांनी ठेका धरू नका, आपल्याला सवय असती पण तिथं लय हलते आणि ते लोक तोंडावर काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. एक धून संपताना कुणीतरी "हप" म्हणतं किंवा भुवई उडवतं आणि सगळे एकदम दुसऱ्या धुनेत जातात, ते बघा, भजनात बुवा मान हलवून चाल बदलतात तसंच. आणि जायच्या आधी फोन करून लहान मूल चालतं का ते विचारा, प्रत्येक पबच्या लायसनचं वेगळं असतंय. बाबांना नुसतं सांगा की अशी अशी जागा आहे, पुढं त्यांचं ते ठरवतील. माळकरी माणूस आपल्यापेक्षा घट्ट असतोय.

स्पष्टच_सांगतो

सेशनचं जे लिहिलंत ते बरोबर आहे. तरीही जानेवारीबद्दल माझं मत कायम.

पावसाळी_मँचेस्टर

मंडळी, जाऊन आलो. दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

सुरुवात अशी की सकाळची गाडीच रद्द. स्टेशनवर पावणेदोन तास. आईने दशम्या आणि शेंगाचटणी आणली होती ती तिथेच संपली, त्यामुळे ग्लासगोत पोचलो तेव्हा साडेतीन, उजेड संपत आलेला, सगळे उपाशी आणि पाऊस आडवा. स्पष्टच_सांगतो यांची फार आठवण आली.

संध्याकाळी सिटी हॉल्स. पहिला अर्धा भाग गेलिक गाणं. त्यात ते कापड आपटायचं गाणं आलं, गाणारीने आधी समजावलं, प्रेक्षकांना पालुपद शिकवलं आणि मांडीवर ठेका धरायला लावला. आईला इंग्रजी फारसं समजत नाही, पण दुसऱ्या ओळीला तिने माझ्या कानात म्हणलं, "हे दळतायत का?" म्हणलं दळत नाहीत, कापड बडवतायत. म्हणाली तेच ते. आणि तिने पालुपद उचललं, अक्षरं चुकत होती, पण ठेका बरोबर. पोरगी आजीकडे बघतच राहिली. रात्री हॉटेलात झोपायच्या आधी आईने आपणहून चार ओव्या म्हटल्या, तिच्या आजेसासूच्या, मी चाळीस वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या. पोरीने फोनवर रेकॉर्ड केल्यात, मागे हॉटेलच्या हीटरची घरघर आहे पण ठीक आहे.

बाबांची गंमत वेगळीच. फिडलवर एक संथ धून चालली होती, हॉल एकदम शांत, आणि बाबांनी सवयीने, सवाईत बसल्यासारखं, मोठ्यांदा "वाऽऽ" केलं. पुढच्या दोन ओळी वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा पण ओशाळले, शाल गुंडाळून बसले. मग दहा मिनिटांनी रीलचा सेट लागला आणि लय चढली तसं मागून एकजण "हूऽऽख" करून ओरडला, मग दुसरा, मग अख्खी बाल्कनी. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे चालतं व्हय?" पुढचा तासभर मग त्यांनी हात आखडता घेतला नाही. पोरगी मफ्स लावून शेवटच्या सेटला गाढ झोपली, पाइप डोक्यावर वाजत असताना.

रविवारी केल्विनग्रोव्ह. ऑर्गन सुरू झाला तेव्हा पोरगी हत्तीपाशी होती, बाबा एकटेच खाली हॉलमध्ये बाकावर. नंतर म्हणाले, "पेटीची आजी म्हणावं तर नव्हे, हिला पत्त्या कमी, बासऱ्याच फार." कोन घातलेला पुतळा बघितला, पोरीच्या मते तो ट्रिपमधला सगळ्यात भारी आयटम.

आणि पब. सोमवारी परतीच्या गाडीआधी, मर्चंट सिटीतला एक, आधी फोन करून विचारलेला. (फोनवर सेशन आहे म्हणाले होते, होतं पण पाचच माणसं, सोमवार ना.) बाबांना मी आदल्या रात्री सांगितलं होतं की दारू मिळते तिथे, तुमची इच्छा नसेल तर बाहेर कॅफेत बसू. दारापाशी पोचल्यावर माळ शर्टाच्या आत घालतील असं मला वाटलं. उलट स्वेटरच्या गळ्यातून बाहेर काढली, नीट दिसेल अशी. मग आत. चहा आला, स्टीलच्या किटलीत.

वाजवणाऱ्यांत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते, छातीवर पियानो अकॉर्डियन. बाबा तिरके बसून त्यांचा डावा हातच बघत होते, भाता. इथं भाता उघडतानाही सूर येतो आणि मिटतानाही, आणि पट्टी तीच दाबलेली असली तर सूरही तोच, हे त्यांनी माझ्याकडे बघून हातानेच करून दाखवलं. मध्ये ते लोक थांबले तेव्हा आजोबांनीच विचारलं, तुम्ही वाजवता का. मी भाषांतर करायच्या आधीच बाबांनी हवेत उजव्या हाताने पट्ट्या आणि डाव्याने भाता करून दाखवलं होतं. शेजारच्या बाईंनी त्यांची छोटी कॉन्सर्टिना बाबांच्या हातात दिली. सहा कोपऱ्यांची, टिफिनएवढी. बाबांनी एक बटण दाबून भाता मिटला, एक सूर आला. तेच बटण दाबून भाता उघडला, तर सूर वेगळा. परत केलं. परत. मग जोरात हसायला लागले, मी बाबांना असं हसताना फार दिवसांनी बघितलं. "अरे ही खोटं बोलते! श्वास घेताना एक, सोडताना एक!" त्या बाईंना ते मी सांगितलं तर त्या म्हणाल्या की त्यांना शिकताना पहिलं वर्षभर असंच वाटायचं.

वाजवलं नाही त्यांनी काही. दोन्ही हातांनी परत दिली, आधी कपाळाला लावून. त्या बाई गोंधळल्या पण आजोबांनी मान हलवली.

गाडीत कार्लाइलच्या पुढे रेंज आल्यावर बाबांनी गावच्या पखवाजवाल्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा. वीस मिनिटं सगळं सांगितलं, पाइप, ऑर्गन, गळ्यातली पेटी, खोटं बोलणारी पेटी. तिकडून अण्णा बराच वेळ नुसतं हं हं करत होते आणि मग म्हणाले, "ते सगळं झालं, पण टाळ होते का?"

बाबा जरा थांबले. "न्हवते," म्हणाले. "तेवढं सांगायचं राहिलं त्यांना."

ओवी_गाणारी

ते रेकॉर्डिंग इथे टाका ना, हीटरसकट चालेल.

क्लाइडकाठचा_कोल्हापुरी

पुढच्या जानेवारीला टाळ घेऊन या. जागा धरून ठेवतो, टेबलापासनं जरा लांबची.